निवडुंगात गेलेला चेंडू

गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर हिरवळ येते. स्कॉटलंडचा भुरभुर पाऊस, दमट हवा आणि पावलाखाली दबणारं गवत. हा खेळ वाढला तोच मुळी अशा मुलखात, जिथे गवताला पाणी घालण्याचा प्रश्न नव्हता. मग जिथे वर्षाकाठी जेमतेम दहा इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरच्या वादळांबरोबर येऊन उरकतो, तिथे गोल्फ खेळायचा कुणी आणि कशासाठी?

मेक्सिकोच्या नकाशात डाव्या हाताला एक लांबलचक शेंग लोंबताना दिसते. ती बाहा कॅलिफोर्निया. या शेंगेच्या टोकाला, कर्कवृत्ताच्या किंचित खाली, लॉस काबोस नावाचा परिसर आहे. अक्षांश पाहिला तर जवळजवळ आपल्या इंदूरचाच. पण इंदूरची काळी माती कुठे आणि हे रखरखीत वाळवंट कुठे! डोंगर उतरत येतात, पायथ्याशी निवडुंगांचं रान लागतं आणि रान संपतं तिथे एकदम निळाशार समुद्र. एका अंगाला पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला कॅलिफोर्नियाचं आखात. टोकाच्या खडकांपाशी दोन्ही पाणी एक होतं.

1973 साली द्वीपकल्पाच्या या टोकापर्यंत पक्का महामार्ग पूर्ण झाला, तोवर इथे मासेमारीची लहान गावं होती. पुढे सरकारनं पर्यटनासाठी जागा हेरल्या, त्यांत ही आली. गोल्फचे खरे दिवस मात्र 1992 मध्ये उजाडले. त्या वर्षी जॅक निकलॉस या नामवंत खेळाडूनं आखलेलं पाल्मियाचं मैदान खुलं झालं. लॅटिन अमेरिकेतलं त्याचं हे पहिलंच. 1994 मध्ये काबो देल सोल इथे त्यानं अगदी लाटांच्या काठावर दुसरं मैदान आखलं आणि 2014 च्या अखेरीस एल कार्दोनाल हे टायगर वुड्सनं आखलेलं मैदान सुरू झालं. वुड्सच्या आराखड्यातलं प्रत्यक्ष खुलं झालेलं ते पहिलं मैदान. 2023 पासून अमेरिकेच्या पीजीए टूरची एक स्पर्धाही तिथे होऊ लागली.

अशा मैदानावर खेळाची चालच बदलते. नेहमीच्या मैदानावर चेंडू वाट चुकला तर फार तर उंच गवतात जातो. इथे हिरवळ म्हणजे बेटं. टीवर उभं राहिलं की समोर शंभर-दीडशे यार्ड नुसतं रान, मध्ये एखादा कोरडा ओढा (त्याला तिथे ‘अरोयो’ म्हणतात) आणि त्यापलीकडे गवताचा पट्टा. चेंडू तिथवर उडालाच पाहिजे, घरंगळत जायची सोय नाही. रान आहे कार्दोन जातीच्या निवडुंगाचं. हा निवडुंग साठ फुटांपर्यंत वाढतो, शेकडो वर्षं जगतो आणि रात्री फुलतो. त्याच्या फुलांवर वटवाघळं येतात. त्याच्या बुंध्याशी चेंडू जाऊन बसला तर पुढचा फटका काट्यांच्या परवानगीनंच मारायचा. खडीवर घासून काठी खराब होते, म्हणून वाळवंटात मुरलेले खेळाडू पिशवीत एक जुनी, टाकाऊ काठी ठेवतात. झुडपाखाली मात्र कोणी हात घालत नाही. तिथे खुळखुळ्या सापाचं घर असू शकतं!

2019 साली नियम बदलले आणि अशा मैदानांवरचा खेळ जरा सुसह्य झाला. चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळत, आता तीनच. शिवाय मैदानाच्या व्यवस्थापनाला वाळवंटाचा भाग दंडक्षेत्र म्हणून आखता येतो. मग काट्यात शिरायचं कारण उरत नाही. एक फटका दंड भरायचा, चेंडू कडेला टाकायचा आणि पुढे चालू लागायचं.

समुद्राची गंमत वेगळी. काबो देल सोलच्या सतराव्या होलला चेंडू वाळू आणि खडकांवरून पलीकडच्या ग्रीनवर उडवावा लागतो आणि वारा सकाळचा एक, दुपारचा दुसरा. ग्रीनवर जमीन सपाट वाटते, तरी चेंडू समुद्राकडे वळतो. समुद्र चेंडूला ओढतो असं गमतीनं म्हणतात. खरं कारण साधं आहे. डोंगराकडून पाण्याचा सगळा उतार तिकडेच आहे आणि मागच्या उंच डोंगरामुळे नजर फसते. त्यातून डिसेंबर ते एप्रिल हे देवमाशांचे दिवस. ऐन पटिंगच्या वेळी समोर पाण्याचा फवारा उडाला तर लक्ष कशात ठेवायचं?

आता पाण्याचं बोलायला हवं, कारण ही सारी हिरवळ त्यावर उभी आहे. गवताची बेटं ठेवण्याची पद्धत अमेरिकेतल्या ॲरिझोनात रुजली, तीही केवळ सौंदर्यदृष्टीनं नव्हे. तिथे 1980 साली भूजलाचा कायदा झाला आणि नव्या मैदानांवरच्या हिरवळीला साधारण 90 एकरांची मर्यादा आली. बाकीचं वाळवंट तसंच सोडणं भाग पडलं आणि पाहता पाहता तीच फॅशन झाली. बाहामध्ये पास्पालम नावाचं खाऱ्या पाण्यालाही न कंटाळणारं गवत लावतात. आपल्याकडचा कोद्रा, कोकणातला हरीक, याच वंशातला. गवताला हॉटेलांचं शुद्ध केलेलं सांडपाणी देतात, काही ठिकाणी समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात. तरीही एका मैदानाला दिवसाला लाखो लिटर लागतंच.

मैदानवाले म्हणतात, हे पिण्याचं पाणी नव्हेच, मग तक्रार कसली? यात तथ्य आहे, पण निम्मंच. सांडपाणी होण्याआधी ते कुठलं तरी गोडं पाणीच असतं. शिवाय ही मैदानं नुसत्या खेळासाठी निघत नाहीत. भोवतीचे बंगले विकले जावेत म्हणून मध्ये हिरवळ असते आणि बंगल्यांच्या नळांना, पोहण्याच्या तलावांना पास्पालमचं पाणी चालत नाही. बोट दाखवायचंच तर गवतापेक्षा त्या कुंपणाआतल्या घरांकडे दाखवावं.

कारण काबो सान लुकासमध्ये डोंगराच्या अंगाला वाढलेल्या वस्त्यांत नळ पाळीपाळीनं येतो. हॉटेलांत राबणारी, मैदानं राखणारी माणसं अशाच वस्त्यांतून राहतात. शहरासाठी समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प 2000 नंतरच्या दशकात उभा राहिला, पण वस्ती त्याहून वेगानं वाढली. नळ आला नाही की टँकर मागवायचा. टँकरला तिथे ‘पीपा’ म्हणतात. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेलं आपलं ‘पिंप’ याच शब्दाचं भावंड. ही पिंपं भरून ठेवायची आणि उजाडायच्या आत कामाची बस गाठायची, कारण पहिला खेळाडू टीवर येण्याआधी अठराच्या अठरा ग्रीन कापून झाल्या पाहिजेत.