मर्यादा कोणी घालायची?

२०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येस सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी महिलांची सभा भरली आणि एक निर्णय झाला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजेल, त्यासरशी घराघरांतील दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद होतील आणि साडेआठचा दुसरा भोंगा होईपर्यंत ते बंदच राहतील. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली. शाळा पुन्हा उघडल्या तरी मोबाइल मुलांच्या हातून सुटेना, हे त्याचे निमित्त. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांची मने वळवली.

या निर्णयाचे कौतुक पुष्कळ झाले. तरीही भोंगा वाजवून घरातील व्यवहार ठरवणे समाजवादी कार्यकर्त्याला खटकावे, हे स्वाभाविक आहे. १९७५ ते १९७७ या काळात शिस्तीच्या नावाने काय काय केले गेले, याची आठवण आपल्या चळवळीतून पुसली गेलेली नाही. म्हणून मुलांवर मर्यादा घालण्याची भाषा ऐकताच आपल्यापैकी अनेकजण बिचकतात. आणि उलट बाजूस, छडीवाचून मूल घडत नाही असे मानणारेही आपल्याच घरांत आहेत. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळेतील शारीरिक शिक्षेस मनाई केली. घराच्या उंबऱ्याआत मात्र तो कायदा पोहोचत नाही.

वस्तुतः स्वातंत्र्य की मर्यादा, हा वाद पोकळ आहे. मर्यादा कोणी घातली, कोणत्या रीतीने घातली आणि ती घालणाऱ्यालाही लागू आहे काय, हा खरा प्रश्न आहे. वडगावच्या भोंग्याचे मर्म येथेच आहे. तो केवळ मुलांसाठी वाजला नाही. बापाचा मोबाइल आणि आजीची मालिकाही त्याने थांबवली. स्वतः पडद्याला खिळून बसलेल्या बापाने मुलाच्या हातातील मोबाइल हिसकावून घेणे, ही मर्यादा नव्हे, ती सत्ता होय. तीन-चार वर्षांच्या मुलालाही हा भेद कळतो. फक्त तो शब्दांत मांडता येत नाही.

हा विचार सातारा-सांगलीच्या मातीला नवा नाही. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामाचा वाटाही उचलत. नियम कडक होते. पण ते जातीच्या बेडीतून मुलांना सोडवण्यासाठी होते. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. शिस्त लावणाऱ्यांनी त्या शिस्तीची किंमत आधी स्वतः मोजली, म्हणून ती मुलांना जाचली नाही.

किंमतीचा हा मुद्दा अर्थशास्त्राचाही आहे. मर्यादा फुकट मिळत नाही. मुलाच्या हातून मोबाइल काढून घेतला, तर त्या जागी गोष्ट सांगणारे माणूस हवे, खेळायला अंगण हवे, चित्रांची पुस्तके हवीत. दिवसभर रोजगारावर राबून आलेली आई चुलीपुढे बसते, तेव्हा तिच्या मुलाला गुंतवणारी सर्वांत स्वस्त वस्तू मोबाइल हीच असते. तिला सुजाण पालकत्वाचे धडे देणे म्हणजे तिच्या थकव्याची थट्टा करणे होय. दर हंगामात मराठवाड्यातून याच दोन जिल्ह्यांतील साखर कारखान्यांसाठी ऊसतोड मजूर येतात. त्यांची तान्ही मुले फडाच्या कडेला वाढतात. त्यांना कोणी अडवत नाही. पण त्या मोकळेपणास स्वातंत्र्य कोण म्हणेल?

सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनासाठी व शिक्षणासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे संविधानाचा अनुच्छेद ४५ सांगतो. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांतच राहिला आहे. मूलभूत हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीच्या वर्षांचा सार्वजनिक भार १९७५ पासून मुख्यतः अंगणवाडीने वाहिला. तेथील सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल यावा लागला. जिच्या हाती आपण मुलांची घडण सोपवतो, तिचे श्रम आपण किती स्वस्त मानतो, याचा हा पुरावा आहे.

कार्यकर्त्यांनी वडगावपासून भोंगा तेवढा उचलू नये; सभा उचलावी. आपल्या गावात आयांना बोलवावे, बापांना बसवावे, मर्यादा चर्चेने ठरवाव्यात आणि त्या आधी मोठ्यांनी पाळाव्यात. जबरदस्तीने वाजणारा भोंगा चार दिवसांत गोंगाट ठरेल. त्याचबरोबर पूर्णवेळ पाळणाघर, मैदान, वाचनालय आणि सेविकांना रास्त वेतन यांची मागणी नेटाने लावून धरावी. मोबाइल बंद झाल्यावर मुलाच्या वाट्याला काय येते, यावरच या मर्यादेचा न्याय ठरणार आहे.