संगीताचे दोन गोल

आमच्या ऑफिसात क्रिकेटचा स्कोअर टेबलाटेबलावर फिरतो. पण 5 जुलै 2025 रोजी भारताच्या महिला फुटबॉल संघाने थायलंडला त्यांच्याच चियांग माय शहरात 2-1 ने हरवले, तेव्हा सोमवारी कुणी चकार शब्द काढला नाही!

थायलंड दोनदा वर्ल्ड कप खेळलेला. जागतिक क्रमवारीत तेव्हा ते 46 वे होते, आपण 70 वे. बंगालच्या संगीता बासफोरने पहिला गोल केला. मध्यंतर संपताच थायलंडने तो फेडला. 74 व्या मिनिटाला पुन्हा संगीताच! पात्रता फेरी जिंकून आशिया कप गाठण्याची आपल्या मुलींची ही पहिलीच वेळ.

2022 साली हाच कप महाराष्ट्रात झाला, तेव्हा यजमान म्हणून प्रवेश मिळाला होता. नवी मुंबईत इराणशी बरोबरी झाली आणि पुढच्या सामन्याला कोरोनामुळे 13 खेळाडूही उभे राहीनात. संघ स्पर्धेतून बाद. बिचाऱ्यांना खेळून हरताही आले नाही.

वाचकहो, आमच्या वस्तीच्या मैदानात मुलेच खेळतात. मुली भावंडे कडेवर घेऊन बघत राहतात. परवा रविवारी आम्ही त्यांच्यासाठी चेंडू नेला. बराच वेळ कुणी पुढे येईना. शेवटी एकीने कडेवरचा भाऊ आमच्याकडे दिला आणि गेली पळत.