योजना, पॉलिसी आणि खाट

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा मराठवाड्यातून एकट्या नांदेडची निवड झाली होती. लातूरसह उरलेल्या जिल्ह्यांत ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोचली. पिवळे किंवा केसरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत, असे तिचे मूळ रूप होते. पुढे आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाचे शेतकरीही तीत आले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, २०२० मध्ये ती आयुष्मान भारतशी जोडली गेली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण पाच लाखांवर गेले आणि राज्यातील प्रत्येक कुटुंब पात्र ठरले.

सरकारी विमा बरा की खासगी, हा वाद त्यानंतर संपायला हवा होता. तो उलट वाढला. वादात एक गोष्ट सहसा सुटते. योजनेचा हप्ता बराच काळ सरकारने भरला आणि दावे नॅशनल इन्शुरन्स, नंतर युनायटेड इंडिया या सार्वजनिक कंपन्यांनी चुकते केले. उपचार मात्र मोठ्या प्रमाणावर खासगी रुग्णालयांतच झाले. म्हणजे दवाखाना बहुतेक वेळा तोच असतो. हप्ता कोण भरतो आणि कोणाला नाकारण्याची मुभा आहे, खरा फरक तेवढाच. योजना वय विचारत नाही, जुना आजार विचारत नाही. हे तिचे मोठेपण वैयक्तिक खासगी पॉलिसीत सहसा सापडत नाही.

मेडिक्लेम ही रुग्णालयाच्या खर्चाची पॉलिसी १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी आणली. खासगी कंपन्यांना दार उघडले ते १९९९ च्या कायद्याने. या पॉलिसीचा हप्ता वयाबरोबर चढतो. आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. शिवाय खोलीभाड्याची अट असते, आणि ती बहुतेकांना डिस्चार्जच्या दिवशीच कळते. पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाडे एक टक्का, म्हणजे रोज ५,००० रुपये मान्य असेल आणि रुग्ण १०,००० च्या खोलीत राहिला, तर केवळ खोलीभाडेच नव्हे, डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा खर्चही निम्माच मंजूर होऊ शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, हा दिलासा खराच. पण ज्या घरात वर्षाचा पैसा दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन विकूनच येतो, तिथे रब्बीचे बियाणे, उधारी आणि शाळेची फी यांच्या रांगेत विम्याचा हप्ता शेवटी उभा राहतो.

योजनेची अडचण वेगळी. रुग्णालयात शिरताच नातेवाईक विचारतात, ‘योजनेत बसतं का?’ रुग्णालयात बसणारा योजनेचा आरोग्यमित्र रेशनकार्ड आणि आधार ताडून पाहतो; एकावर नाव एक आणि दुसऱ्यावर दुसरे निघाले की धावपळ सुरू होते. मग पूर्वपरवानगी. आजार ठरलेल्या यादीत असावा लागतो आणि रुग्णालय योजनेत असावे लागते. पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि बिले वेळेवर निघत नाहीत, ही रुग्णालयांची तक्रार जुनी आहे. तीत तथ्य असले, तरी रुग्णाकडून वरचे पैसे मागण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. आणि मधुमेह, रक्तदाब यांच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च योजनाही उचलत नाही, बहुतेक पॉलिसीही नाहीत.

कार्ड पैशाची हमी देते, खाटेची नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले; त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पाच लाखांच्या संरक्षणाचा निर्णय त्याच्या दोनच महिने आधी झाला होता. खासगीत उपचार आटोक्याबाहेर गेले किंवा पैसे संपले, की रुग्ण अखेर याच दारात येतो. इथे परिचारिका, औषधे आणि नवजात कक्षातील जागा कमी पडली, तर कोणताही विमा ती उणीव भरून काढू शकत नाही.

लातूरमध्ये याची दुसरी बाजू दिसते. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये तिथे विवेकानंद रुग्णालय सुरू केले, मेडिक्लेम येण्याच्या वीस वर्षे आधी. डॉ. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्या मंडळींनी आधी दवाखाना उभा केला. पैसे कोण देणार हा प्रश्न नंतरचा होता. सरकारी खर्चाचा क्रम असाच हवा.

यासाठी एक वाट आजच उपलब्ध आहे. योजनेतील दाव्याची रक्कम सरकारी रुग्णालयांनाही मिळते. किनवटचा रुग्ण शंभराहून अधिक किलोमीटर तोडून नांदेडच्या खासगी रुग्णालयात दाखल झाला, तर ती रक्कम तिकडे जाते. शस्त्रक्रिया किनवटलाच झाली, तर ती तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या खात्यात राहते. त्यासाठी किनवट, देगलूर, उदगीर आणि निलंगा येथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा बाराही महिने हजर असायला हवा.