आख्खा कॅमेराच बदलावा लागेल, भाऊ!

मोबाईल हातातून निसटतो, स्क्रीन वाचते आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. दोन दिवसांनी लक्षात येतं, की फोटोची डावी बाजू लख्ख आणि उजवी बाजू धुरकट येतेय. जळगावात असाल तर पाय गोलाणी मार्केटकडे वळतात, धुळ्यात असाल तर आग्रा रोडकडे. काउंटरपलीकडचा मुलगा एक फोटो काढतो, झूम करून बघतो आणि सांगतो, ‘आख्खा कॅमेराच बदलावा लागेल, भाऊ.’ आतलं भिंग जरा सरळ करता येणार नाही का, असं विचारलं तर तो हसतो. त्याचं हसणं अगदी बरोबर आहे. पण ते बरोबर का आहे, हे फिजिक्सची डिग्री हातात असलेल्या आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

चिंचोक्याएवढ्या त्या कॅमेऱ्यात एक भिंग नसतं. साधारण पाच ते सात भिंगं एका छोट्या नळीत एकावर एक रचलेली असतात. बहुतेक फोनमध्ये ती काचेची नसून साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकची असतात. दोन भिंगांमध्ये अंतर राखायला कागदासारख्या पातळ चकत्या, खाली इन्फ्रारेड प्रकाश अडवणारी काच आणि सगळ्यांत तळाला सेन्सर. शाळेत आपण काढायचो तशी गोल पोटाची ही भिंगं नसतात. कडेला लाटेसारखी वळलेली, विचित्र आकाराची असतात. एकाने केलेली चूक दुसरं सावरतं, दुसऱ्याची तिसरं. म्हणूनच सगळ्यांचे मध्यबिंदू एका सरळ रेषेत असावे लागतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. सेन्सरवरचा एक पिक्सेल एका मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीत सत्तर पिक्सेल मावतील. अशा ठिकाणी भिंग काही मायक्रॉन जरी सरकलं, किंवा किंचित तिरकं बसलं, तरी फोटोचा एक कोपरा गेलाच.

मग कारखान्यात ते सरळ बसवतात तरी कसं? खरी गंमत इथे आहे. फक्त मोजमाप घेऊन ते बसत नाही, कारण प्रत्येक नळी आणि प्रत्येक सेन्सर एकमेकांपासून थोडा थोडा वेगळा निघतो. म्हणून सेन्सर आधीच चालू करतात. यंत्राचा चिमटा भिंगांची नळी त्याच्यावर अधांतरी धरतो. समोर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा तक्ता असतो. सेन्सरला तो तक्ता मधोमध किती स्वच्छ दिसतो आणि चारही कोपऱ्यांत किती, हे कॉम्प्युटर बघत राहतो आणि चिमटा नळी वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवतो, कलवतो, फिरवतो. चारही कोपरे सारखे उजळले की तिथेच थांबायचं. याला अॅक्टिव्ह अलाइनमेंट म्हणतात. थोडक्यात, कॅमेरा स्वतःच बघून सांगतो, ‘हां, आता बरोबर!’ टीव्हीचा अँटेना फिरवताना गच्चीवरून ‘आलं का?’ आणि घरातून ‘अजून थोडं!’ असं चालायचं, ते आपल्या आईबाबांना विचारा. हा तोच प्रकार आहे, फक्त मायक्रॉनमध्ये.

थांबल्यावर नळी चिकटवायची. गोंदाची बारीक रेघ आधीच घातलेली असते. तिच्यावर अतिनील प्रकाश टाकला की काही सेकंदांत ती पकडते. नंतर भट्टीत थोडी ऊब देऊन पक्की करतात. पण गोंद वाळताना आकसतो आणि आकसताना भिंगाला सोबत ओढतो. त्यामुळे तो किती ओढणार याचा अंदाज घेऊन नळी मुद्दाम तेवढी ‘चुकीच्या’ जागी धरावी लागते. हे कौशल्य पुस्तकातल्या सूत्रात नाही. ते गोंद हाताळणाऱ्याला कळतं.

भिंगाला भिंग चिकटवणं ही कलाही काही आजची नाही. एकाच भिंगातून रंग फाटून दिसतात. त्यावर उपाय म्हणून दोन वेगवेगळ्या काचांची, एक फुगीर आणि एक खोलगट, अशी जोडी लंडनच्या जॉन डॉलंडने १७५८ मध्ये पेटंट करून घेतली. पुढे अशा जोड्या चिकटवायला कॅनडा बाल्सम नावाचा झाडाचा पारदर्शक चीक वापरला जाऊ लागला. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. चिकाने मधली हवा घालवली की तेवढी गळती थांबते. आज चिकाची जागा अतिनील गोंदाने घेतली, तत्त्व तेच.

आता परत काउंटरवरच्या त्या मुलाकडे या. त्याच्याकडे हीट गन आहे, चिमटा आहे, अफाट सफाईचा हात आहे. पण समोरचा तक्ता नाही आणि सहा दिशांना हलणारा चिमटा नाही. म्हणून तो कॅमेरा उघडत नाही, आख्खा बदलतो. आणि खान्देशात ही पाळी यायला फोन पडावाच लागतो असंही नाही. चांगल्या फोनमध्ये हात थरथरला तर सावरायला भिंग चुंबक आणि कॉइलच्या आधारे तरंगतं ठेवलेलं असतं. फोन बाइकच्या हँडलला लावून फिरलं, तर इंजिनाच्या जोरदार कंपनांनी ही यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अॅपलने २०२१ मध्ये दिला होता. रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल कंपनीने काही लिहिलं नव्हतं, ते आपण आपल्याकडून जोडून घ्यावं. वर आपला मे महिना. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनमधल्या प्लॅस्टिकच्या भिंगांचं काय होत असेल?

भिंग रेषेत धरणं हे काम परदेशातल्या कारखान्यातच होतं असं मानायचं कारण नाही. तुमच्या गावातल्या चष्म्याच्या दुकानात ते रोज होतं. दुकानदार पट्टी धरून दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजतो, भिंगावर ठिपका देतो, मगच फ्रेममध्ये घासून बसवतो. समजा तुमचा नंबर चार आहे आणि भिंगाचा मध्य बाहुलीपासून पाच मिलिमीटर सरकला. तर एक मीटरवरची वस्तू दोन सेंटिमीटर सरकल्यासारखी दिसते. डोळ्यांचे स्नायू बिचारे ते दिवसभर सावरत बसतात आणि आपण म्हणतो, नवा चष्मा लागत नाहीये, डोकं दुखतंय. ज्या दुकानात हे अंतर न मोजताच चष्मा देतात, तिथून सरळ उठून यावं.

आणि हे अंतर मोठमोठ्यांचंही चुकतं. अमेरिकेच्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा घासताना तो तपासायला जे उपकरण वापरलं, त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या अंतरावर बसलं होतं. आरसा त्या चुकीच्या मापाला अगदी तंतोतंत घासला गेला. दुसऱ्या एका चाचणीत गडबड दिसली होती, पण ती चाचणीच कमी भरवशाची म्हणून बाजूला सारली गेली. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण वर गेली, चित्रं धूसर आली आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना जाऊन दुरुस्ती करावी लागली. हबलला मेकॅनिक तरी मिळाला. २०२३ मध्ये आदित्य-एल१ बरोबर गेलेली, पुण्याच्या ‘आयुका’च्या नेतृत्वाखाली तयार झालेली सूट ही सूर्याची दुर्बीण १५ लाख किलोमीटरवर आहे. तिथे कुणी जाणार नाही. रॉकेटचे हादरे सोसूनही आतली रांग हलणार नाही, अशीच ती इथे जमिनीवर जुळवून पाठवावी लागली.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे २८ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली इलेक्ट्रॉनिक्स सुट्या भागांची योजना. मंजूर झाली तेव्हा २२,९१९ कोटी रुपयांची. ज्या भागांना प्रोत्साहन मिळणार, त्यात कॅमेरा मॉड्यूलचं नाव स्पष्ट आहे. थेट रोजगाराचा सरकारी अंदाज ९१,६०० चा. यातले कारखाने जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत येतील, असं स्वप्न आम्ही विकणार नाही. पण जिथे येतील तिथे कामाला जाणारी पोरं खान्देशातूनही जातील, जशी आज चाकणला जातात. प्रश्न एवढाच, की ती हेल्पर म्हणून जाणार की जुळवणी समजणारे म्हणून?

आपली तयारी बघा. बारावीला आणि बीएस्सीला ऑप्टिकल बेंच असतो. भिंग, दोन पिना, पॅरलॅक्स घालवा, नाभीय अंतर काढा. खरं तर ही अॅक्टिव्ह अलाइनमेंटच आहे, सेन्सरच्या जागी आपला डोळा! पण ते कुणी सांगत नाही. बहुतेकांची पॅरलॅक्सशी ओळख सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवताना होते आणि रीडिंग इतकी सुंदर जुळतात की सरांनाही संशय येऊ नये. दोष पोरांचा आहेच, पण ज्या प्रयोगाचा कशाशीच संबंध दाखवला नाही, तो उतरवूनच काढला जाणार.

मुंबई-पुण्यापासून लांब आहोत, ही सबब खान्देशाने तरी देऊ नये. कॅमेऱ्याच्या बाबतीत तर अजिबातच नाही. केकी मूस यांनी चाळीसगावला स्टेशनजवळच्या आपल्या घरात स्वतःला जवळपास कोंडून घेऊन आयुष्य काढलं आणि तिथूनच टेबलटॉप फोटोग्राफीत जगभर नाव केलं.

आमची मागणी छोटी आहे. नव्या शैक्षणिक धोरणात व्यवसाय-कौशल्याच्या कोर्सला क्रेडिट आहेत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने भिंग-जुळवणीचा एक कोर्स त्यात बसवावा. शिकवायला प्राध्यापकांच्या शेजारी चष्मेवाल्याला आणि मोबाईल रिपेअरवाल्याला उभं करावं, मानधन देऊन. साहित्य रोज कचऱ्यात जातंय. बदललेले, मेलेले कॅमेरे दुकानदार टाकूनच देतात.

विद्यापीठाची बैठक होईपर्यंत थांबायचं नसेल, तर असा एक मेलेला कॅमेरा मागून आणा. सेन्सरपासून भिंगांची नळी हलक्या हाताने सोडवा, उलटी करून आपल्या चालू फोनच्या कॅमेऱ्यावर टेपने बसवा आणि दुसऱ्या फोनच्या पांढऱ्या स्क्रीनला अगदी जवळ न्या. पांढरा रंग गायब होईल, लाल, हिरवे, निळे ठिपके सुटे दिसतील. आता नळी नखाने किंचित कलवा. एका बाजूचे ठिपके विरघळतील. ते परत आणायचा प्रयत्न करून बघा, हाताने.