जामीन कोण?

१/ उमरखेड हे वऱ्हाडच्या दक्षिण टोकाचे, पैनगंगेकाठच्या मुलखातले गाव. १८६७ मध्ये मुंबईहून नागपूरपर्यंत लोहमार्ग पोचला, तो येथून बराच उत्तरेकडून. तरीही या बाजूचा कापूस मुंबईला जाई आणि मुंबईचा पैसा येथवर येई. बँकांचा तो काळ नव्हे. मग हा व्यवहार कशाच्या भरवशावर चाले?

२/ पुष्कळदा नात्याच्या. शेखावाटी-बिकानेरकडून आलेल्या मारवाडी पेढ्यांवर गावाकडचा, नात्यातला मुलगा येई. आधी पडेल ते काम, मग वहीखाते, मग गुमास्तेगिरी. पुढे त्याच पेढीच्या उधारीवर दुसऱ्या गावी स्वतःचे दुकान. त्याने रक्कम बुडवली तर कोर्टाच्या समन्साआधी बातमी घरी पोचे आणि सोयरिकी अडत. हुंडीचा कागद चाले तो या धाकावर.

३/ वारस नसेल तर नाते निर्माण केले जाई. सीकरजवळच्या खेड्यात १८८९ मध्ये जन्मलेला एक मुलगा वर्ध्याच्या शेठ बच्छराजांनी नातू म्हणून दत्तक घेतला. तेच जमनालाल बजाज.

४/ याला 'रक्तातला धंदा' म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोडलेली बरी. कँटनजवळच्या एका जिल्ह्यातून ऑस्ट्रेलियात गेलेल्या क्वोक बंधूंनी १८९७ मध्ये सिडनीत फळांचा व्यापार मांडला, १९०७ मध्ये हाँगकाँगला आणि १९१८ मध्ये शांघायला 'विंग ऑन' ही भव्य दुकाने उभारली. कारभार भावांकडे, भांडवल बरेचसे परदेशस्थ गाववाल्यांचे. रक्त वेगळे, रीत तीच.

५/ नातेवाईक कुणब्यालाही होतेच. भाऊबंदकी काय, सोयरे काय, पैशाला पासरी. पण ते सारे दहा-वीस कोसांत, एकाच पावसावर आणि एकाच पिकावर जगणारे. ज्या वर्षी याला मदत हवी, त्याच वर्षी तेही अडलेले. पेढीचे नाते मात्र बिकानेर ते मुंबई पसरलेले; एका गावचा दुष्काळ दुसऱ्या गावची शाखा सोसून नेई. शेतकऱ्यापाशी तारण उरे ते जमिनीचे, आणि १८६१ नंतरच्या रयतवारी मोजणीने ती गहाण पडण्याजोगी, विकली जाण्याजोगी झालेली होती. सावकाराच्या लोभाची चर्चा पुष्कळ झाली. या भौगोलिक विषमतेची फारशी झाली नाही.

६/ १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने हीच जामीनकी गावात उभी करू पाहिली : एकाचे कर्ज, सर्वांची अमर्याद जबाबदारी. पण सभासद पुन्हा एकाच गावचे, एकाच पावसाचे.