नक्षत्रें कोणास बाधतात?

दरवर्षीं जूनच्या 7 वा 8 तारखेस सूर्य रोहिणी नक्षत्र सोडून मृगांत प्रवेश करतो. हा दिवस जवळ आला कीं अहेरी तालुक्यांतील आलापल्लीसारख्या पेठेंत पंचांग उघडलें जातें. तेंदूपानांचा हंगाम आटोपलेला असतो, धानाचें बीं घरांत येऊन पडलेलें असतें, आणि भामरागडच्या वाटेवरील गांवांस तेल, मीठ व किराणा पोंचविण्याची व्यापाऱ्यांस घाई असते. कारण पर्लकोटेस पूर आला म्हणजे तो रस्ता किती वेळां व किती दिवस अडून राहील, याचा नेम वर्षानुवर्षें कोणास देतां आलेला नाहीं. अशा वेळीं दुकानाच्या गादीवर सहज विचारलें जातें कीं, यंदा मृगाचें वाहन काय? आणि त्याच गादीवर, तेंच पंचांग पुढें ठेवून, तितक्याच विश्वासानें दुसराही एक प्रश्न विचारला जातो: सांगून आलेली मुलगी मूळ नक्षत्रावरची तर नाहीं ना? पहिल्या प्रश्नाचें उत्तर चुकलें तर फार तर दहा पोतीं मीठ भिजेल. दुसऱ्या प्रश्नानें एका निरपराध मुलीचा जन्म नासतो. म्हणून या दोहोंचा विचार एकत्र करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम नक्षत्रांचें जें देणें आहे तें चुकतें करूं. सूर्याच्या आकाशमार्गाचे 27 समान भाग, प्रत्येक भाग 13 अंश 20 कलांचा, आणि तो चालून जाण्यास सूर्यास लागणारे 13-14 दिवस, ही आमच्या पूर्वजांची योजना अत्यंत सोयीची आहे. आमचे महिने चांद्र. अधिक मासाच्या ओढाताणीमुळें ज्येष्ठ महिना एका वर्षीं मेच्या तिसऱ्या आठवड्यांत लागतो, तर दुसऱ्या वर्षीं जूनच्या मध्यास. असल्या सरकत्या महिन्यावर पेरणी ठरविणारा शेतकरी बुडालाच असता. त्यानें सणवारांस चांद्र तिथि ठेविली आणि शेतीस सूर्याचें नक्षत्र घेतलें. रोहिणीपासून स्वातीपर्यंतचा हा पाढा ज्यास अक्षरओळख नाहीं अशा कुणब्यासही मुखोद्गत असतो, आणि यांत भाबडेपणा नसून व्यवहारज्ञान आहे. आलापल्लीच्या रानांत वंशपरंपरा राहणाऱ्या गोंडांनीं तर छापील पंचांगाची वाटही पाहिली नाहीं. मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनीं गोंडांच्या खगोलज्ञानावर 2013 सालीं निबंध प्रसिद्ध केला आहे. ज्या तारकांत आम्ही मृग आणि त्याच्या पोटांतील बाण पाहतों, तेथेंच गोंडांस नांगर दिसतो, आणि सप्तर्षींच्या जागीं खाट, असें त्यांत नमूद आहे. ज्यास शिकारीची ओढ त्यास हरिण दिसलें, ज्यास पेरणीची चिंता त्यास नांगर. तारे बिचारे दोघांचेही तेच!

परंतु तारीख सांगणें निराळें आणि पाऊस पाडणें निराळें. स्टेशनाच्या भिंतीवरील वेळापत्रकामुळें आगगाडी चालते, असें कोणी म्हणूं लागल्यास त्यास आपण हंसूं. मुंबईंत 2023 सालीं मोसमी पाऊस 25 जूनला पोंचला. त्या वेळीं सूर्य आर्द्रा नक्षत्रांत होता. 2025 सालीं तोच पाऊस 26 मेला येऊन थडकला. तेव्हां रोहिणी नुकती लागली होती. दोन्ही वर्षीं सर्व नक्षत्रें आपापल्या तारखेस हजर होतीं; पाऊस मात्र एका महिन्याच्या अंतरानें आला. याहून मोठी गोष्ट ही कीं, संपातचलनामुळें सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानानें दर 72 वर्षांस सुमारें एक दिवस पुढें सरकतो. वराहमिहिराच्या काळीं, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकांत, आजच्या गणनेनें मेच्या मध्याच्या सुमारास मृग लागत असे. आणखी एक हजार वर्षांनीं तो जूनच्या तिसऱ्या आठवड्याअखेर लागेल, आणि पाऊस आपल्या जागीं राहिला तर आमचे वंशज आपल्या मृगाच्या पावसास 'रोहिणीचा पाऊस' म्हणतील. म्हणजे मृग हें पावसाचें कारण नव्हे. सध्यांच्या कांहीं शतकांपुरती ती त्याची खूण आहे.

या खुणेवर कोणीं तरी वाहन बसविलें आणि घोटाळा झाला. रीत अशी कीं, सूर्य नव्या नक्षत्रांत शिरतांना चंद्र कोणत्या नक्षत्रांत आहे तें पाहावयाचें, सूर्यनक्षत्रापासून तेथपर्यंत मोजावयाचें, आणि येणाऱ्या संख्येस 9 नें भागावयाचें. बाकी एक उरली तर घोडा, दोन तर कोल्हा, तीन तर बेडूक, याप्रमाणें मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, आणि बाकी शून्य तर हत्ती. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला कीं मुबलक पाऊस. कोल्हा वा मेंढा निघाला कीं ओढ. आतां चंद्र आणि सूर्य तर साऱ्या देशास एकच. तेव्हां गडचिरोलीच्या रानास, जेथें वर्षाकाठीं 1200 मिलीमीटरांवर पाऊस पडतो, आणि 500 मिलीमीटरांच्या आसपास पावसावर जगणाऱ्या माण व जत तालुक्यांस बेडूकही तोच आणि कोल्हाही तोच! भामरागडची वाट पुरानें तोडणारा बेडूक माणच्या माळावर जाऊन कां कोरडा पडतो, याचा खुलासा कोणतेंही पंचांग करीत नाहीं.

बरें, पंचांगांचेंही एकमत आहे काय? लोकमान्य टिळकांनीं ज्या शुद्ध पंचांगाचा पुरस्कार केला तें रेवतीपक्षाचें आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं 1952 सालीं नेमलेल्या समितीनें चित्रापक्ष स्वीकारला, आणि बहुतेक पंचांगें आज त्याच पक्षाचीं आहेत. दोहोंत सुमारें 4 अंशांचा फरक पडतो. त्यामुळें टिळक पंचांगांत सूर्य जवळजवळ चार दिवस आधीं मृगांत जातो. तेवढ्या अवधींत चंद्र तीन-चार नक्षत्रें चालून गेलेला असतो. बाकी बदलते आणि वाहनही बदलतें. एकाच पावसावर एका पंचांगांत हत्ती चालतो आणि दुसऱ्यांत बेडूक उडी मारतो. गणितज्ञांतील हा वाद सूक्ष्म व आदरणीय आहे. त्याच्या जोरावर मिठाचीं पोतीं भरणें मात्र शहाणपणाचें नाहीं.

येथपर्यंत विषय हंसण्यावारी नेतां आला. पुढें नेववत नाहीं. जन्मनक्षत्र म्हणजे मूल जन्मलें त्या क्षणीं चंद्र ज्या नक्षत्रांत असेल तें. चंद्र एका नक्षत्रांत साधारण एक दिवस राहतो. मूळ नक्षत्रावरची सून सासऱ्यास, आश्लेषेवरची सासूस, ज्येष्ठेवरची मोठ्या दिरास आणि विशाखेवरची धाकट्या दिरास घातक, असा हा आरोप आहे. मुलीवर, तिच्या जन्माच्या पहिल्या घटकेस, सदोष मनुष्यवधाचा आरोप! वकिली करणारास पहिला प्रश्न सुचतो तो पुराव्याचा. सत्तावीस नक्षत्रांपैकीं हीं चार, म्हणजे दर सात मुलींमागें सुमारें एक मुलगी सासरच्या कोणा ना कोणाच्या जिवावर उठलेली असली पाहिजे. हें खरें असतें तर तें सर्वांत आधीं आयुर्विमा महामंडळास कळलें असतें. ज्याचा धंदाच माणूस कधीं मरेल याच्या हिशेबावर चालतो तें महामंडळ 1956 पासून कोट्यवधि विमे उतरवीत आलें. तें वय विचारतें, आजार विचारतें, धंदा विचारतें, परंतु सुनेचें नक्षत्र विचारून हप्ता वाढविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. व्यापारी वाचकांस हा एकच दाखला पुरेसा व्हावा. आलापल्लीच्या आगारांत सागाच्या ओंडक्यावर बोली लावतांना तुम्ही घेर मोजतां, लांबी मोजतां, गांठ व पोकळी पाहतां. मग घरांत माणूस आणतांनाच डोळे कां मिटून घेतां?

आणि आरोपीची ओळख तरी पक्की आहे काय? वर सांगितलेला चार अंशांचा फरक येथेंही लागू होतो. नक्षत्र 13 अंश 20 कलांचें. त्यांत 4 अंशांचा सरकाव, म्हणजे दहा मुलांपैकीं तिघांचें जन्मनक्षत्र दोन पंचांगांत निरनिराळें येणार. एका पंचांगानें मुळावर बसविलेली मुलगी दुसऱ्यानें पूर्वाषाढेवर नेऊन निर्दोष सोडली, असें होतें. हें ठाऊक असणारे कांहीं चतुर बाप सोयीचें पंचांग पाहून पत्रिका करवून घेतात. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. पत्रिकाच सोडण्याचें धैर्य त्यांच्या अंगीं यावें, इतकेंच आम्हांस वाटतें.

हें सर्व वेदांतलें आहे, असें म्हणणारांस आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. अथर्ववेदांत ज्येष्ठघ्नी व मूलबर्हणी हीं नक्षत्रनामें आहेत, आणि त्यांवर जन्मलेल्या मुलाविषयीं धास्तीही आहे. भीति जुनी आहे हें आम्ही मान्य करतों. पण त्या सूक्ताचा रोख पाहावा. या मुलास संकटांतून पार ने, यास शंभर शरदांचें आयुष्य दे, याच्या हातून आईबापांस इजा न होवो, अशी ती प्रार्थना आहे. ऋषींनीं मूल पोटाशीं धरून देवाकडे रक्षण मागितलें. पुढें शके 1522 मध्यें रामदैवज्ञांचा मुहूर्तचिंतामणि झाला; तेथपर्यंत येतां येतां अभुक्त मुळावरच्या मुलाचा त्याग करावा, नाहीं तर बापानें आठ वर्षें त्याचें तोंड पाहूं नये, येथवर मजल गेली. आणि आमच्या काळांत हा सारा भार वराच्या पत्रिकेवरून बहुतांशीं उतरून वधूच्या माथीं बसला आहे. यांतलें वैदिक कोणतें तें वाचकांनींच ठरवावें. आर्यभट, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांचें गणित ही आमची खरी मिरास आहे. तिचा अभिमान धरणारासच असल्या फलितांची अधिक लाज वाटली पाहिजे. जी भाषा सुंदर मुलीस 'नक्षत्रासारखी' म्हणते तिनेंच नक्षत्रावरून मुलगी परत पाठवावी, हाही एक चमत्कारच.

कोणी म्हणतील, सर्वोच्च न्यायालयानेंच ज्योतिषास मान्यता दिली. तसें नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें 2001 सालीं ज्योतिषाचे अभ्यासक्रम काढण्याचें ठरविलें, डॉ. पु. मि. भार्गव यांनीं त्याविरुद्ध केलेलें अपील 2004 सालीं फेटाळलें गेलें. अशा शैक्षणिक निर्णयांत न्यायालयानें हात घालावा काय, हा तेथें मुख्य प्रश्न होता. मुळावरची सून सासऱ्यास मारते काय, हा प्रश्न कोणत्याही न्यायपीठापुढें नव्हता. परीक्षाच पाहावयाची तर पुण्यास 2008 सालीं जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोळकर व प्रकाश घाटपांडे यांनीं केलेला प्रयोग पाहावा. हुशार मुलांच्या शंभर आणि बौद्धिक दृष्ट्या अक्षम मुलांच्या शंभर पत्रिका जमवून त्यांतील चाळीस-चाळीस ज्योतिषांकडे पाठविल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या मुलाची इतकेंच विचारलें. सत्तावीस ज्योतिषांनीं उत्तरें धाडलीं. बरोबर आलेल्यांचें सरासरी प्रमाण शेंकडा 46 पडलें. नाणें उडविलें असतें तर 50 पडलें असतें.

आलापल्लीच्या वाचकांस तर इतक्या दूर जाण्याचेंही कारण नाहीं. गोंडांची सोयरीक परंपरेनें देवांच्या संख्येवरून ठरते. सारख्या संख्येचे देव मानणारे भाऊबंद, त्यांच्यांत लग्न नाहीं. जन्मनक्षत्र तेथें विचारण्याची चाल नव्हती. मुळावर जन्मलेल्या सुना त्यांच्याही घरीं पिढ्यान्‌पिढ्या आल्याच असतील, आणि त्यांचे सासरे सुनेचें नक्षत्र न जाणतांच म्हातारे झाले.

शेवटीं ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला ती. पत्रिका जुळवितांना 36 गुणांपैकीं 8 गुण एकट्या नाडीचे. नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून: सत्तावीस नक्षत्रांच्या आद्य, मध्य, अंत्य अशा नऊ-नऊच्या तीन वांटण्या. दोघांची नाडी एक आली कीं संततीस बाध, म्हणून लग्न मोडतें. अर्थात् दर तीन जोडप्यांत एक जोडपें निव्वळ योगायोगानें बाद होतें. हल्लीं कांहीं शिकलेले लोक नाडी म्हणजे रक्तगट, नाडी म्हणजे आनुवंशिक शास्त्र, असेंही सांगूं लागले आहेत. खरी भयंकर गोष्ट येथेंच आहे. गडचिरोली व चंद्रपूर हे सिकलसेलच्या रक्तदोषानें ग्रासलेले जिल्हे आहेत. आई व बाप दोघेही या दोषाचे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणीं मुलास हा आजार जडण्याचा संभव चारांत एक. त्या मुलाच्या हाडांतील वेदना, वारंवार होणारा पंडुरोग, आणि दवाखान्याच्या खेपा ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस अधिक सांगावयास नको. नाडी भिन्न आली म्हणून निश्चिंत मनानें लग्न लागतें आणि दोघेही वाहक निघतात; नाडी एक आली म्हणून निर्दोष रक्ताचीं दोन माणसें ताटातूट होऊन परततात. याची चांचणी थेंबभर रक्तावर होते. केंद्र सरकारनें 1 जुलै 2023 रोजीं या आजाराच्या निर्मूलनाची मोहीम सुरू करून 2047 ची मुदत घातली आहे, आणि तपासलेल्यांस पत्रकें देण्याची त्यांत व्यवस्था आहे.

यांत एक धोका आम्हांस दिसतो, तो आतांच सांगून ठेवतों. वाहक म्हणजे रोगी नव्हे. वाहक मुलीचें निर्दोष रक्ताच्या वराशीं खुशाल लग्न व्हावें. तिच्या मुलांस हा आजार होत नाहीं. मुळाचें लांछन पुसून त्या जागीं वाहकपणाचें लांछन चिकटविलें जाणार असेल तर ती सुधारणा नव्हे. म्हणून चांचणी वराचीही झाली पाहिजे, आणि ती पत्रिका मागण्याच्या आधीं झाली पाहिजे. आलापल्ली, अहेरी व चंद्रपूर येथील वधूवर सूचक मंडळांनीं आपल्या नांवनोंदणीच्या कागदावरील नक्षत्र, चरण व नाडी हे तीन रकाने काढून तेथें सिकलसेल चांचणीचा एक रकाना घालावा, अशी आमची त्यांस विनंती आहे. नवा कागद छापण्यास फारसा खर्च येत नाहीं, आणि लग्नसराईस अवकाश आहे तोंच हें काम उरकून घेतां येईल.