पुस्तक कपाटावर ठेवलं, तेव्हा...



2019 च्या चातुर्मासातली गोष्ट. लेक तेव्हा नववीत होती. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम चालू, त्यात पाऊस, त्यामुळे कापूरबावडी ते कासारवडवली बस मुंगीच्या पावलांनी यायची. त्या बसमध्ये बसून तिनं अमीश यांचं ‘रावण’ संपवलं आणि घरात शिरताच दप्तर आपटलं. “आई, तिसऱ्यांदा तेच! परत सीताहरणापाशीच थांबवलंय!”

ज्यांनी ही पुस्तकं वाचली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. 2015 ला रामाचं पुस्तक आलं, 2017 ला सीतेचं, 2019 ला रावणाचं. प्रत्येकात एकेकाचं आयुष्य, आणि तिन्ही येऊन थांबतात सीताहरणाशी. पुढचं युद्ध चौथ्या पुस्तकात, ते आलं 2022 मध्ये. म्हणजे पहिलं पुस्तक आल्या आल्या वाचणाऱ्याला “पुढे काय?” यासाठी सात वर्षं थांबावं लागलं. चिडणारच की पोरं! वर लेखकाची रामायणाची गोष्टच निराळी. त्यामुळे कुणी म्हणे, काय भन्नाट कल्पना. कुणी म्हणे, हा आमचा रामच नव्हे.

लेकीचा राग शांत झाला आणि ती हळूच म्हणाली, “पण आई, मला रावणाचं वाईट वाटलं गं.”

इथं मी चुकले. त्या आठवड्यातच आमच्या स्वाध्यायाच्या गटात एक काकू म्हणाल्या होत्या, “असली पुस्तकं मुलांच्या हातात देऊच नका.” ते डोक्यात होतं. मी पुस्तक घेतलं आणि कपाटावर ठेवून दिलं. लेक न जेवता खोलीत गेली. सूर्यास्त झाला, म्हणजे त्या दिवशी तिचं जेवण राहिलंच.

सासूबाई सगळं बघत होत्या. त्या सांगलीकडच्या, लहानपणापासून पद्मपुराण ऐकत वाढलेल्या. म्हणाल्या, “हे पुस्तक कपाटावर ठेवलंस. मग पद्मपुराण कुठं ठेवणार?”

मी गप्प. कारण खरंच, आपल्या पुराणातला रावण कोण आहे? तो राक्षस नाही, विद्याधर राजा आहे, जिनभक्त आहे. त्याला दहा तोंडं नव्हती; गळ्यातल्या हाराच्या रत्नांत नऊ प्रतिबिंबं दिसली म्हणून तो दशमुख. इच्छा नसलेल्या स्त्रीला हात लावणार नाही, असं त्याचं व्रत होतं. त्याला मारतो तो लक्ष्मण, राम नव्हे. राम तर दीक्षा घेऊन मोक्षाला जातात, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मांगीतुंगीवरून. आणि रावण? मोहापायी नरकात जातो खरा, पण पुढच्या कुठल्या तरी भवात तीर्थंकर होणार आहे. त्याच्याबद्दल वाईट वाटावं असंच आपल्या आचार्यांनी लिहिलंय.

आणि आपल्या आचार्यांचं तरी कुठं एकमत आहे? रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात सीता जनकाची मुलगी, भामंडलाची जुळी बहीण. गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणात तीच सीता रावण-मंदोदरीची मुलगी. दोन्ही ग्रंथ आपण डोक्याला लावतो.

त्याहून मला आवडते ती विमलसूरींच्या ‘पउमचरिय’ची सुरुवात. राजा श्रेणिकाला लोकांत चाललेली रामकथा पटत नाही. एवढ्या बलवान राक्षसांना माकडांनी कसं मारलं? कुंभकर्ण सहा महिने झोपायचा कसा? तो गौतम गणधरांकडे जातो आणि विचारतो. त्याला कुणी “असलं विचारू नकोस” म्हणत नाही. त्याच्या शंकेला उत्तर म्हणून सगळी कथा सांगितली जाते. म्हणजे आपलं रामायण एका नाराज श्रोत्यामुळे सुरू होतं!

म्हणून माझं मत असं, मैत्रिणींनो. मुलगी म्हणाली “हा भाग आवडला नाही” किंवा “खलनायकाचं वाईट वाटलं”, तर आधी बसून विचारावं, का गं? पुस्तक काढून घेतलं की ती वाचायची थांबत नाही, आपल्याला सांगायची थांबते.

काकूंचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. त्या पुस्तकातला रावण फार क्रूर आहे, हिंसाही बरीच आहे. पाचवी-सहावीतल्या मुलाला मी ते देणार नाही. आणि कादंबरी ती कादंबरीच, तिला पुराण समजू नये, हेही मुलांना सांगायला हवं. पण हे सांगायचं तर आपलं पुराण आपल्याला माहीत हवं. मला त्या दिवशी ते धड माहीत नव्हतं, म्हणून माझा हात कपाटाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक खाली काढलं, लेकीची माफी मागितली. त्या चातुर्मासात आजी आणि नात रोज दुपारी थोडं थोडं पद्मपुराण वाचत बसल्या. 2022 ला चौथं पुस्तक आलं तेव्हा लेक बारावीत होती. वाचून झाल्यावर तिनं पहिली तक्रार माझ्याकडे नाही, आजीकडे नेली. तासभर दोघी भांडत होत्या. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

तुमच्या घरात मुलं काय वाचतायत सध्या? आज विचारून बघा.